खट्‌च्या पुढचं गाणं

१९९९ साली मी सांगलीच्या वालचंद कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा ‘लॅम्ब’ या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम अण्णांच्या कॅसेटवर भरला. न विचारता. सीडी मित्राच्या भावाची, रात्री परत द्यायची होती, आणि रविवार असल्यामुळे कोरी कॅसेट कुठे मिळेना. त्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर अण्णांनी आकाशवाणी सांगलीवरून उतरवलेली नाट्यपदं होती. चुकून पुसली जाऊ नयेत म्हणून वरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या त्यांनी मोडून ठेवलेल्या. मी एका खाचेवर सेलोटेप चिकटवला आणि लाल बटण दाबलं. दुसऱ्या बाजूला हात लावायची छाती झाली नाही.

तिथंच फसलो. एक बाजू ४५ मिनिटांची, अल्बम त्याहून बराच लांब. दहा गाण्यांतलं नववं सुरू होऊन जेमतेम रंगात येतंय तोवर टेप संपली. खट्. दहावं तर आलंच नाही. बाजू उलटली की थेट पेटी आणि नाट्यपद.

‘लॅम्ब’ म्हणजे मँचेस्टरची जोडी. लू ऱ्होड्स गाणार, अँडी बार्लो बाकीचं सगळं यंत्रांवर रचणार. अल्बम १९९६ चा, फोन्ताना कंपनीनं काढलेला, नावही ‘लॅम्ब’च. ट्रिप हॉप, म्हणजे संथ ठोक्यांचं, धूसर इलेक्ट्रॉनिक संगीत, म्हटलं की लोक ब्रिस्टलला जातात, मॅसिव्ह अटॅक, पोर्टिसहेड वगैरे तिथल्या बँडांकडे, आणि यांनाही त्याच पंगतीला बसवतात. मला ते कधी पटलं नाही. पोर्टिसहेड ऐकताना माणूस खुर्चीत हळूहळू खाली घसरतो. ‘लॅम्ब’चं ‘कॉटन वूल’ ऐकताना धड बसताच येत नाही. ठोके ड्रम अँड बेसचे, म्हणजे भरधाव नाचाच्या संगीतातले, पण चिंध्या केलेले, पुढचा कुठं पडेल याचा नेम नाही. आणि त्याच्यावर ही बाई शेजारी कुणी झोपलंय अशा बेतानं गाते. एकाच घरात ती तांदूळ निवडत बसलीय आणि तो भिंतीला ड्रिल मारतोय. दोघंही आपापलं काम सोडत नाहीत, हीच त्यातली मजा. (याच अल्बममधल्या ‘ट्रान्स फॅटी ॲसिड’ला क्रुडर आणि डॉर्फमायस्टर या रिमिक्स करणाऱ्या जोडीनं दिलेलं रूप लोक डोक्यावर घेतात. मला मूळचंच बरं वाटतं.)

तर ते नववं गाणं. मित्रानं कॅसेटच्या कागदावर घाईत ‘गोरेकी’ लिहिलेलं. मला वाटायचं, कुठल्यातरी गोऱ्यांचं असावं. माझ्यापुरतं ते गाणं एवढंच होतं: मोजके सूर, मग तिचा आवाज, आत्ता या क्षणी मरण आलं तरी चालेल असं काहीसं म्हणणारा, आणि खट्. गाणं एवढंच आहे असं समजून मी ते ऐकायचो. इतक्या नेमक्या जागी थांबणारं दुसरं गाणं नाही, असं एकदा होस्टेलवर छातीठोक सांगितलंसुद्धा.

आठ वर्षांनी पुण्यात हेडफोनवर पुढचं ऐकलं. ठोके आले, मग तंतुवाद्यं चढत गेली, आणि शेजारी कुणी झोपलंय अशा बेताचा तिचा तो आवाज गळा मोकळा करून गायला लागला. ऑफिसात बसून मला एकदम चोरी पकडल्यासारखं वाटलं.

नावाचा उलगडाही तेव्हाच झाला. ‘गोरेकी’ म्हणजे हेन्रिक गुरेत्स्की (Górecki), पोलंडचा संगीतकार. त्याच्या १९७६ च्या तिसऱ्या सिम्फनीवरून या गाण्याचं नाव. त्या सिम्फनीची १९९२ ची ध्वनिमुद्रिका दहा लाखांच्या वर खपली. तिच्या दुसऱ्या भागातले शब्द १९४४ साली पोलंडमधल्या झाकोपानेत, नाझींच्या गेस्टापो पोलिसांच्या तुरुंगात एका अठरा वर्षांच्या मुलीनं भिंतीवर लिहिलेले. आईला म्हणते, रडू नको. वाचलं आणि मला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवलं. १९४३ ते १९४८ तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बाया आणि पोरं. म्हणजे ती मुलगी भिंतीवर लिहीत होती तेव्हा तिच्याच भाषेतल्या आया आमच्या मिरज-कोल्हापूर लाइनीवर राहत होत्या. त्या पॅसेंजरनं मी कितीदा गेलोय, खिडकीतून कधी नीट पाहिलंसुद्धा नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. कॅसेटींचं खोकं चिखलानं भरलं. अण्णांनी एकेक कॅसेट पुसून गच्चीवर वर्तमानपत्रावर मांडली. वाजणार एकही नव्हती, पण टाकू देईनात. सेलोटेप लावलेली हातात घेऊन त्यांनी नखानं तो पिवळा पडलेला तुकडा खरवडला.

“हे कधी केलंस?”

मी फोनवर गाणं लावून दिलं. सहा मिनिटांच्या वर असेल, पण त्यांनी पूर्ण ऐकलं. ठोके सुरू झाल्यावर मान जरा तिरकी झाली, मांडीवर बोटं दोनदा सम शोधून थांबली.

“पोरगी सुरात आहे रे,” म्हणाले. “तबलजीला मात्र एस.टी. गाठायचीय.” मग कॅसेट उलटीपालटी करत, “यावर आधी काय होतं?”

“आठवत नाही,” म्हणालो मी.

त्यांना आठवत होतं. तिथंच, गच्चीवर, पहिली ओळ म्हणून दाखवली.