खांदेरीची सकाळ पडद्यावर आणताना

मुंबईजवळच्या खांदेरी बेटापाशी मराठे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईवरच्या आमच्या माहितीपटात जहाजांच्या तपशिलाची जबाबदारी माझ्याकडे होती. संहितेवर तारीख होती १८ ऑक्टोबर १६७९, आणि चित्रीकरणही १८ ऑक्टोबरलाच धरलेलं. पण ही तारीख इंग्रजांच्या कागदांतली, जुन्या कालगणनेची. आजच्या हिशेबाने ती २८ ऑक्टोबर येते. तिथी काढून पाहिली तर आश्विन वद्य अष्टमी-नवमीच्या आसपास, दिवाळी आठवड्यावर आलेली. म्हणजे समुद्राला भांग, भरती-ओहोटी अगदी कमी, आणि आमच्या चित्रांत तर खडकांवर उधाण आदळत होतं.

समोरच्या किनाऱ्यावरच्या थळ गावातल्या तांडेलकाकांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या जुन्या म्होरक्याला, विचारलं. ते म्हणाले, "पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून. किनाऱ्यावरनं निघालेल्याला तो पाठीशीच." मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याचं आरमार त्या सकाळी इतक्या वेगाने कसं चालून आलं, ते मला तेव्हा दिसलं.

खरा वाद झाला तोफांवरून. दिग्दर्शकांना दोन जहाजं आडवी, समोरासमोर, एकमेकांवर गोळे टाकताना हवी होती. पण मराठी गलबतं नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, तोफा डागत, वल्ही मारत सरळ अंगावर आली. इंग्रजांना नांगर उचलायलाही धड वेळ मिळाला नाही आणि अर्ध्या तासाच्या आत त्यांची 'डव्ह' ही गुराब, म्हणजे डोलकाठ्यांचं मोठं लढाऊ जहाज, शरण आली. त्यांचं दुसरं जहाज 'रिव्हेंज' मात्र लढत राहिलं. जहाजांच्या बाजू समोरासमोर दाखवल्या की लढाईच बदलते, हे मी तीन बैठकांत सांगत राहिलो.

आमच्या निशाणावर आजचा युनियन जॅक होता. तो १८०१ चा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, कोपऱ्यात सेंट जॉर्जचा क्रूस असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं निशाण नव्याने शिवून घेतलं. बेटावरचं दीपगृह १८६७ चं, तेही चौकटीबाहेर ठेवायचं होतं. आजची तटबंदीसुद्धा चालणार नव्हती, कारण १६७९ मध्ये मराठ्यांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी यांची माणसं तट अजून बांधतच होती.

गुराब बांधण्याइतके पैसे नव्हते. शेवटी कॅमेराच 'डव्ह'च्या जागी, पाण्यालगत ठेवला. समोर तीन मचवे, इंजिनं बंद. मचव्यांवरच्या पोरांना इतकी वल्ही एका तालात मारायची सवय नव्हती. तांडेलकाकांनी चार दिवस ताल धरून ती बसवली. पाचव्या पहाटे अंधारातून आधी वल्ह्यांचा आवाज आला, मग तीन नाळी दिसल्या, थेट आमच्यावर रोखलेल्या. दिग्दर्शक 'कट' म्हणायचे थांबले होते.