लिंबाच्या टोपलीमागचा डबा

9 नोव्हेंबर 2016, बुधवार. आदल्या रात्री आठ वाजता टीव्हीवर 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्याचं ऐकलं, तेव्हा मला आधी मंडईच आठवली. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत मी पिग्मी गोळा करतो, म्हणजे लोकांची रोजची थोडी थोडी बचत जागेवर जाऊन घेतो आणि बँकेत त्यांच्या खात्यावर भरतो. गाळेवाले, हातगाडीवाले, बाहेर टोपली मांडून बसणाऱ्या बायका, पाटीवाले हमाल, अशी तेव्हा दोनशेच्या आसपास खाती माझ्याकडे होती. कुणी रोज 500 भरायचं, कुणी 20. मला शेकडा 3 रुपये कमिशन. सकाळीच फोन आला, की आज बँक बंद, पिग्मीत 100 आणि त्याखालच्याच नोटा घ्यायच्या.

एरवी मी दुपारनंतर निघतो. त्या दिवशी अकरालाच गेलो. टिळकांच्या पुतळ्यापाशी पोचतो न पोचतो तोच लोकांनी गराडा घातला. "भाऊ, एवढं आज भरून घ्या." "दादा, वर्षाची पिग्मी एकदम घ्या." दिवाळी होऊन दहा दिवस झालेले, धंद्याचा पैसा घराघरात होता, आणि तो सगळा त्याच दोन नोटांत. देशातल्या चलनात किमतीच्या हिशेबाने सुमारे 86 टक्के याच नोटा होत्या, हे पुढे वाचलं. मंडईत ते वाचायची गरज नव्हती, डोळ्यांनी दिसत होतं. भेंडीचा ढीग तसाच पडलेला. गिऱ्हाईक पाव किलो भेंडी घेऊन 500 पुढे करायचं आणि भेंडी परत टोपलीत जायची. मी एकेकाला सांगत होतो, की पैसे बुडत नाहीत, 30 डिसेंबरपर्यंत बँकेत भरता येतील, खात्यावर जमा होतील. पण उद्या पहाटे मार्केट यार्डात माल उचलायचा कशाने, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बाहेरच्या ओळीत, कडेला, लिंबूवाल्या मावशी बसायच्या. लिंबं, मिरची, आलं, कढीपत्ता. दहा रुपयांचा वाटा, त्याहून मोठा व्यवहार नाही. रोजची पिग्मी 30 रुपये. माझ्या वाट्याला त्यातले 90 पैसे यायचे, म्हणून मी त्यांच्याकडे नेहमी सगळ्यात शेवटी जायचो. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते.

त्या दिवशी त्यांच्यापुढे मात्र गर्दी. टोपलीमागे गोणपाटाखाली बिस्किटाचा पत्र्याचा डबा असायचा, तो उघडा होता. आत दहा-दहा नाण्यांच्या वर्तमानपत्राच्या कागदात वळलेल्या पुंगळ्या. एक रुपयाच्या वेगळ्या, दोनच्या वेगळ्या, पाचच्या वेगळ्या. दहा-वीसच्या नोटा रबराने बांधलेल्या. जवळच्या हॉटेलचा माणूस 500 ची नोट धरून उभा होता. म्हणाला, "मावशी, 400 ची चिल्लर द्या, वरचे 100 तुम्हाला."

मावशींनी नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. "बँकंत ही नोट पाचशेलाच घेनार हायेत ना? मंग तुजं शंबर मी कशापायी खाऊ? ठिव तुज्यापाशी. शंभरची चिल्लर घिऊन जा, आट दिसांनी सुटं आनून दे."

मग मला पाहून म्हणाल्या, "पिग्मीवाले, बरं आलास. लिहून घे."

मी कलेक्शनच्या वहीच्या मागच्या पानावर लिहू लागलो. हॉटेलवाला 100. भेंडीवाली 300. पालकवाले काका 250. केळीची गाडी 300. पाटीवाल्या हमालाला 100, त्याचं कुणी आजारी होतं, रिक्षाला पैसे हवे होते. अशी नऊ नावं झाली. मावशींना अक्षर येत नव्हतं. पुंगळी हातातून सुटली की त्या म्हणायच्या, "वाच." मी वाचायचो. शेवटी सगळी यादी दोनदा वाचून घेतली. बेरीज 2,340 झाली. मी दिवसभर हजारोंच्या नोटा परत करत हिंडत होतो आणि चालणारा पैसा 30 रुपयांच्या खात्याकडे निघाला!

भेंडीवालीने ती चिल्लर गल्ल्यात घातली आणि तासाभरात तिच्यापुढे गिऱ्हाईक दिसायला लागलं. 100 ची नोट घेऊन येणाऱ्याला आता ती 80 परत देऊ शकत होती. त्यातलीच काही नाणी संध्याकाळी दुसऱ्या खात्यांची पिग्मी होऊन माझ्या पिशवीत आली. कागदाची पुंगळी अजून सुटलेली नव्हती, म्हणून ओळखता आली.

सात वाजता सवयीने पिग्मी नोंदवायचं मशीन काढून मावशींपुढे उभा राहिलो. डब्यात तीन दहाच्या नोटा होत्या, बाकी तळ दिसत होता. त्यांनी त्या तिन्ही नोटा उचलल्या, मला देऊ लागल्या. मी म्हटलं, "मावशी, आज राहू द्या. घरी जायला बस लागेल." थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग नोटा कमरेच्या पिशवीत ठेवल्या. "खाडा पडंल रं," एवढंच म्हणाल्या.

आठवड्यात सात जणांनी पैसे परत केले. केळीवाल्याला दोन आठवडे लागले. हमाल गावी गेला होता, तो संक्रांतीनंतर आला आणि 100 ची नोट आधी माझ्याकडे घेऊन आला, यादीतलं नाव खोडायला. मी त्याला मावशींकडे नेलं, त्यांच्यासमोरच खोडलं.

तो खाडा मात्र तसाच आहे. मावशींच्या खात्यावर 9 नोव्हेंबरची नोंद नाही. 10 ची आहे, 60 रुपयांची.