एरिथ्रोमेलाल्जिया: जाणता डॉक्टर शोधताना

एरिथ्रोमेलाल्जिया म्हणजे पाय लाल, गरम होऊन त्यांची आग होण्याचा आजार. त्याची मोठी अडचण म्हणजे दवाखान्यात पोचेपर्यंत पाय पुन्हा नेहमीसारखे दिसू लागतात. रात्री पांघरुणात लालबुंद, तापलेले, भयंकर आग होणारे पाय. सकाळी तपासायला काहीच नाही. मग ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकून परतावं लागतं. म्हणून पुरावा आपणच न्यायचा. भडका उठला की दोन्ही पायांचे फोटो काढा आणि शमल्यावर त्याच उजेडात पुन्हा काढा. सावळ्या त्वचेवर लाली कमी दिसते, तेव्हा पायांचा गरमपणाही मोजून लिहा. भडका कशाने सुरू झाला, किती वेळ टिकला, कशाने उतरला, एवढी नोंद पुरे.

सेल्युलायटिस (त्वचेतला जंतुसंसर्ग) समजून अँटिबायोटिक्स दिली जातात, कधी गाउटच्या (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीच्या) गोळ्या. रेनॉडशी गल्लत झाली तर जास्त नुकसान होतं. रेनॉडमध्ये थंडीने बोटं पांढरी-निळी पडतात; इथे उष्णतेने, चालण्याने, पाय खाली सोडून बसल्याने भडका उठतो आणि गारव्याने उतरतो. रेनॉडसाठी देतात ती निफेडिपिन ही रक्तदाबाचीही गोळी आहे, आणि ती एरिथ्रोमेलाल्जिया वाढवू शकते. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्यांसकट सगळ्या औषधांची यादी न्या. ती न पाहताच नवं औषध लिहिणारा डॉक्टर मला तरी पटत नाही.

पहिली तपासणी साधीच आहे: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किंवा लाल पेशी वाढलेल्या असतील तर रक्तविकारतज्ज्ञाकडे जा. ते जॅक२ या जनुकाची तपासणीही सांगतील. रक्तपेशी वाढण्याचा हा विकार उघड होण्याच्या कितीतरी आधी पायांची आग सुरू होऊ शकते, म्हणून एक सीबीसी नॉर्मल आली तरी ती अधूनमधून पुन्हा करावी लागते. प्लेटलेट्समुळे होणारी आग कमी डोसच्या अ‍ॅस्पिरिनने झपाट्याने उतरते. इतरांना तिचा उपयोग बहुधा कमीच. पण ती आपल्या मनाने सुरू करायची नाही, मुलांना तर नाहीच.

‘नर्व्ह कंडक्शन नॉर्मल आहे, म्हणजे नसा ठीक’ हे वाक्य अनेकांना ऐकावं लागतं. नसांतून संदेश कसा जातो हे पाहणारी ती तपासणी फक्त जाड तंतूंची. आग पोचवणारे बारीक तंतू पाहायला त्वचेची बायोप्सी किंवा घामाची चाचणी लागते. त्रास लहानपणापासून असेल, घरात आणखी कुणाला असेल, तर एससीएन९ए या जनुकाबद्दल विचारा. त्यातला दोष २००४ साली सापडला. तो असलेल्या काहींना मेक्सिलेटिनने आराम पडतो. ते मुळात हृदयाच्या ठोक्यांचं औषध, म्हणून आधी ईसीजी हवाच.

‘हा आजार पाहिलाय का?’ या प्रश्नाला ‘नाही, पण वाचून सांगतो’ असं उत्तर आलं तर तो डॉक्टर सोडू नका. एक खूण मात्र पाहा: पाय गार कसे करता, हे ते विचारतात का? तासन्‌तास बर्फाच्या पाण्यात पाय ठेवले तर कातडी भिजून फुगते, जखमा होतात, संसर्ग शिरतो. बाहेर काढल्यावर भडका आणखी जोरात उठू शकतो. पंखा लावा, पाय उंच ठेवा. उघडा बर्फ नको.

बोट काळं-निळं पडलं किंवा जखम झाली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. प्लेटलेट्सच्या प्रकारात बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या होऊन बोट सडू शकतं. त्याच दिवशी दाखवा.