आम्हाले त कोनी विचारलं नाही!

लग्नाची पंगत असो की तर्री-पोह्याचा ठेला, मी निवडणुकीच्या सर्व्हेच्या कामात आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "काहो, आम्हाले त आजवर कोनी विचारलं नाही. मंग टीव्हीवरचे हे आकडे येतात कुठून?" स्वर असा, की आकडे मीच घरी बसून पाडतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

तुम्हाला कोणी विचारलं नाही यात काही काळंबेरं नाही, साधा हिशेब आहे. २०२४ साली नागपूर लोकसभा मतदारसंघात साधारण २२ लाख मतदार होते. त्यातल्या ५०० जणांना विचारलं, तरी ४,४०० जणांत एकाचाच नंबर लागतो. आणि एवढे थोडे लोक पुरतात. माणसं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली असतील, तर १,००० जणांच्या उत्तरात चूक साधारण तीन टक्के इकडेतिकडे राहते, मग शहर नागपूरएवढं असो की अख्खं राज्य. ती निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. तेवढा पैसा कोणी देत नाही.

नुसत्या मोठ्या संख्येनं काय होतं ते अमेरिकेत १९३६ सालीच दिसलं. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त भरून परत आल्या आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं छापून आलं. ४८ पैकी ४६ राज्यं त्यांच्याविरुद्ध उभ्या रूझवेल्टनी जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांवरून, आणि काळ होता मंदीचा, म्हणजे विचारलं ते बहुतेक पैसेवाल्यांना! जॉर्ज गॅलप या सर्व्हेवाल्यानं त्या मानानं मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं होतं.

तेव्हा खरा प्रश्न 'किती जणांना विचारलं' हा नाही. कोणाला विचारायचं हे कोणी ठरवलं, हा आहे. चांगल्या कामात ते यादी ठरवते. समजा बूथच्या मतदारयादीत १,२०० नावं आहेत आणि २० माणसं हवीत. पहिलं नाव चिठ्ठीनं काढायचं, मग दर साठावं. कागदावर हे पाच मिनिटांचं काम.

आता एप्रिलमधल्या दुपारी तांडापेठेच्या गल्लीत चला. यादीतला माणूस बुटीबोरीला शिफ्टवर गेलेला, रात्री आठनंतर भेटणार. शेजारच्या ओट्यावर एक काका बसलेले. "त्याले काय विचारता? मी सांगतो ना!" काकांकडे वेळ आहे, मत आहे, दिल्लीपासून वॉर्डापर्यंत सगळ्याचं विश्लेषण तयार आहे. सर्व्हेला गेलेल्या आमच्या पोराची पाण्याची बाटली रिकामी, टॅबलेट तापलेला, अजून बारा नावं बाकी. काकांचाच फॉर्म भरावा असा मोह होतोच. पण प्रत्येक गल्लीत असं झालं तर तो सर्व्हे नागपूरचा राहत नाही, दुपारी ओट्यावर बसणाऱ्यांचा होतो. ज्याला मत सांगायची सगळ्यात हौस, तो आमच्या सगळ्यात कमी कामाचा. म्हणून रात्री परत जायचं. काही पोरं तर झाडाखाली बसून सगळेच फॉर्म स्वतःच भरतात. त्यासाठी मग जीपीएस, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि बॅकचेकचे, म्हणजे 'खरंच कोणी विचारायला आलं होतं का' हे तपासायचे फोन. वीस मिनिटांची मुलाखत चार मिनिटांत झालेली दिसली, की मी आधी त्या पोराला फोन लावतो.

नाव बाईचं असेल तर वेगळीच गंमत. "तिचं मत माझ्याच बाजूनं आहे, लिहून घ्या," असं दारातून ऐकू येतं. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या लोकनीती-सीएसडीएस या संस्थेच्या सर्व्हेत नमुना मतपत्रिका आणि पेटी नेतात ती यासाठीच. शिक्का मारा, घडी घाला, पेटीत टाका. दारातल्याला काही दिसत नाही, आमच्या पोरालाही नाही.

प्रश्नांचा क्रमही पाहावा लागतो. 'लाडकी बहीणचे पैसे येतात का?' हे आधी आणि 'मत कोणाला देणार?' हे नंतर विचारलं, तर दुसऱ्या उत्तरावर पहिल्याची सावली पडते.

एवढं करून हाती येते ती मतांची टक्केवारी. तुम्हाला टीव्हीवर दिसतात त्या जागा, आणि या दोहोंमधला रस्ता निसरडा आहे. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० आणि १७! तीन टक्के चूक गृहीत धरणाऱ्या मोजणीतून हे अचूक कोण काढणार? देशात बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या पुढे नेलं, मिळाल्या २९३. त्याच वर्षी राज्याच्या विधानसभेला बहुतेकांनी महायुती पुढे असल्याचं बरोबर सांगितलं, पण २८८ पैकी २३० च्या घरातला आकडा बहुतेकांना दिसला नाही. एकदा जास्त सांगितलं, एकदा कमी. 'सगळे विकले गेलेत' म्हणणाऱ्यांना याचं उत्तर देता येत नाही.

आणखी एक. नागपूरनं मत दिलं १९ एप्रिलला, पण एक्झिट पोल दिसले १ जूनच्या संध्याकाळी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ प्रमाणे शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत ते दाखवता येत नाहीत. तेव्हा एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर तुम्हाला 'नागपूरचा पक्का एक्झिट पोल' आला असेल, तर तो कुठून आणला ते पाठवणाऱ्यालाच विचारा.

मी स्वतः आकड्याआधी बारीक अक्षरं बघतो. कोणत्या तारखांना विचारलं, माणसं कशी निवडली, किती जणांनी दार लावून घेतलं, प्रश्नाचे शब्द काय होते. यातलं काहीच दाखवत नाहीत ते चॅनेल मी करमणूक म्हणून लावतो, आणि करमणूक झकास होते. तुमच्याकडे कधी आमचं पोरगं आलंच, तर ओट्यावरच्या काकांना जरा लांब बसवा आणि वीस मिनिटं द्या.