कोपऱ्यातला प्लग

जुन्या मारुती व्हॅनचा स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी टाकून पेट्रोल पेटवणारा, बदलायचा तर आधी माणसं उतरवावी लागतात, कारण इंजिन पुढच्या सीटखाली. आजीबाई उतरतात, त्यांची पिशवी उतरते, बाजारातून घेतलेली कोंबडी उतरते. मग सीट उचलली जाते आणि सगळे आत वाकून पाहतात. "पेट्रोलमंदी राकेल असन," असं एक जण सांगतोच.

१९८४ साली आलेली आणि २०१९ मध्ये बंद झालेली ही गाडी दारव्हा-दिग्रसकडे अजून शाळेची पोरं, वऱ्हाडी, दवाखान्याचे पेशंट, जे मिळेल ते वाहते. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, तीन प्लग. तीनच म्हटल्यावर काम किरकोळ वाटतं. पण गॅसकिट बसवलेलं असलं की मूळच्या दाटीत आणखी नळ्या येतात, आणि एखादा प्लग असा कोपऱ्यात जातो की हात पोचला तर पाना फिरत नाही, पाना बसला तर हात निघत नाही.

म्हणून मुरलेला मिस्त्री हे काम बघून करतच नाही. तोंड रस्त्याकडे, गप्पा कापसाच्या भावाच्या, आणि बोटं आत चाचपत असतात. आधी हवा मारून प्लगभोवतीची धूळ उडवायची, नाहीतर प्लग निघताच ती सरळ सिलिंडरमध्ये. इंजिन गार हवं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं; गरम असताना जोर लावला की आटेच प्लगसोबत बाहेर येतात. "आटे गेले त हेडच उतरवा लागते भाऊ." मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात गार म्हणजे किती गार, हे विचारू नये.

नवा प्लग बसवताना पाना हातात घ्यायचाच नाही. फवारणीच्या पंपाच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर घट्ट बसवायचा, प्लग भोकात सोडायचा आणि नळी दोन बोटांत फिरवायची. आटे नीट लागले तर प्लग सुरसुर आत जातो. तिरका लागला तर नळीच घसरते, आट्यांचं काही बिघडत नाही. इतकं साधं आणि इतकं हुशार अवजार कुठल्याच टूलकिटमध्ये मिळत नाही. पाना लागतो तो शेवटच्या अर्ध्या-पाऊण फेऱ्याला, वॉशर दाबण्यापुरता.

एवढी यातायात प्लगच्या टोकाच्या एका मिलिमीटरहून कमी फटीसाठी. ती मोजायला फिलर गेज असतो, पण इथे करवतीचं पान सरकवून भागतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना त्या फटीत सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. त्यातल्या काही चुकल्या की गाडी मिसिंग मारते आणि चढावर आजीबाईंना पुन्हा उतरावं लागतं.

जुनी गाडी घेताना लोक टायर बघतात, पत्रा ठोकून बघतात. मी म्हणतो, प्लग काढा. हाताशी असलेले दोन बहुधा नवे निघतात, टोकाला तांबूस, म्हणजे तब्येत ठीक. कोपऱ्यातला मात्र मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्यासारखा, कुणी विचारलेलंच नाही. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तेलाने ओला असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. पाच-दहा हजार तिथेच तुटतात.

विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. कोपऱ्यातला काढा म्हटलं की तो खिशातून तंबाखू-सुपारीचा खर्रा काढतो आणि म्हणतो, "आत्ता नाई जमत भाऊ, इंजन गरम हाय." आणि त्यावर बोलायला जागाच नसते.