आमची वाटचाल: मासा धरायचा आणि सोडायचा

मालवणात आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जायचो. गरीला लागलं ते संध्याकाळी कालवणात, हा हिशेब. आता आइसलँडमध्ये लोकांना मासे सोडायला शिकवतो आणि वर त्याचे पैसे घेतो. सुरुवातीला आई फोनवर म्हणाली होती, "मासो धरूचो नि सोडूचो, मगे जातंस कित्याक?"

2008 च्या ऑक्टोबरात इथल्या बँका बुडाल्या आणि रेक्याविकमधली माझी हॉटेलातली नोकरी गेली. बायको इथलीच, सासऱ्यांची शेती क्लोइस्तुर गावाकडे, अडीचशे किलोमीटरवर. इथे नदीतला मासेमारीचा हक्क काठच्या जमिनीबरोबर येतो. शेतकऱ्यांचा संघ असतो, आणि एका नदीवर दिवसाला किती रॉड (गळाच्या काठ्या) हेही ठरलेलं. पाहुण्यांना गरवायला न्यायचा धंदा करायचा ठरवला, पण जुलै-ऑगस्टचे सालमनचे दिवस आमच्या खिशाबाहेरचे. परवडला तो एप्रिल, कारण तो फारसा कुणाला नकोच होता.

1 एप्रिलला समुद्री ट्राउटचा हंगाम उघडतो. शरदात नदीत चढलेला, अंडी घालून हिवाळा तिथेच काढलेला हा मासा आता समुद्राकडे परत निघालेला असतो. डोकं मोठं, अंग सडपातळ. खाण्यात राम नाही, म्हणून सोडायचा. पाणी दोन-तीन अंश. मासा खोल डोहात पडून असतो, आमिषामागे धावत नाही. पिसांची नकली माशी, आमच्याकडे बहुतेक वेळा ब्लॅक घोस्ट नावाची, बुडत्या दोरावर त्याच्या तोंडासमोरून सावकाश न्यावी लागते. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो, तो नखाने काढायचा. पहिल्या वर्षी पाहुण्यांना सकाळी सातला उठवायचो. आता दहाला निघतो, कारण दुपारी पाणी जरासं तापल्याशिवाय मासा हलतच नाही. ही अक्कल यायला एक अख्खा हंगाम गेला. थर्मासात कुळथाची पिठी असते. लोक तिला सूप म्हणतात, आम्ही दुरुस्त करत नाही.

दुसऱ्याच वर्षी, 14 एप्रिल 2010 ला, एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीचा स्फोट झाला. बर्फ वितळून पूर आला आणि पूल वाचवायला मार्कारफ्ल्योत नदीजवळचा हमरस्ता फोडला. रेक्याविक एका बाजूला, आमची नदी दुसऱ्या बाजूला. युरोपातली विमानं बंद. कर्ज काढून घेतलेले वेडर्स (पाण्यात उभं राहायचे जलरोधक पायजमे) खुंटीवर आणि पाहुणे आपापल्या घरी. एका परदेशी एजंटाने त्यांच्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. परतावा मात्र आम्ही भरला. तेव्हापासून एजंट नाही.

त्या धक्क्यानंतर सोग नदी धरली, रेक्याविकहून तासाभरावर. थिंगवल्ला सरोवरातून निघते, झऱ्यांचं पाणी, तीन वीजकेंद्रं ओलांडून येते आणि कडक थंडीतही गोठत नाही. तिथे ‘चार’ (char) नावाचा मासा, इथल्या भाषेत ब्लेइक्या. नवख्याला ओळख सांगतो: ट्राउटच्या फिकट अंगावर गडद ठिपके, चारच्या गडद अंगावर फिकट ठिपके आणि परांना पांढरी कड. चारला बारीक माशी लागते आणि त्याचं चावणं इतकं हलकं की दोर थबकला एवढंच कळतं.

पाहुण्यांना एकच गोष्ट दरडावून सांगतो: हात आधी पाण्यात बुडवा. कोरड्या हाताने माशाचा बुळबुळीत थर निघतो. फोटोसाठीही मासा पाण्याबाहेर नको. गारठ्यात त्याचे कल्ले गोठतात. शेपटीशी सैल धरायचं, तोंड प्रवाहाकडे. तो स्वतःच निघून जातो.

परदेशात वापरलेली सामग्री निर्जंतुक केल्याशिवाय इथे आणता येत नाही, म्हणून रॉड-वेडर्स आम्हीच देतो. खर्च वाढला, पण केफ्लाविक विमानतळावरची पाहुण्यांची खोटी वाचली.

एका मे महिन्यात आई आली. सोगवर मी किलोभराचा चार सोडला तेव्हा तिने तोंडातून आवाज काढला नाही, नुसती पाण्याकडे बघत राहिली. परतताना दुकानातून मत्स्यशेतीतला चार घेतला. तिचं तिखलं होणारच होतं. तिरफळं तिने येताना पिशवीतून आणलीच होती.