आर्लिंग्टन ते लेक्सिंग्टन : जनरल लीच्या मागावर व्हर्जिनियात

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले अनेक सेनानी पराभवानंतर शिक्षणसंस्थांत गेले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव रॉबर्ट ई. लीचे. एप्रिल १८६५ मध्ये शरण आलेला हा सेनापती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातील लेक्सिंग्टन या छोट्या गावी एका मोडकळीस आलेल्या महाविद्यालयाचा अध्यक्ष झाला आणि १८७० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर राहिला. बहुतेक प्रवासी थेट लेक्सिंग्टन गाठतात, समाधी पाहतात आणि परततात. आम्ही मुद्दाम आर्लिंग्टनपासून, म्हणजे लीच्या युद्धापूर्वीच्या घरापासून, सुरुवात केली, आणि मागून येणाऱ्यांनाही हाच क्रम सुचवावासा वाटतो. कारण लेक्सिंग्टनचा सौम्य, कर्तव्यदक्ष अध्यक्ष आधी भेटला, तर त्यामागचे आयुष्य पाहताना नजर नकळत मवाळ होते.

वॉशिंग्टन शहरातून मेट्रोच्या ब्लू लाइनने आर्लिंग्टन सेमेटरी स्थानकावर उतरावे. दफनभूमीत शिरताना सुरक्षा तपासणी होते, त्यामुळे छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. आर्लिंग्टन हाउस टेकडीच्या माथ्यावर असून चढ दमवणारा आहे. उन्हाळ्यात सकाळी लवकर जाणे उत्तम. हे घर लीचे सासरे जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस यांचे, आणि ते जॉर्ज वॉशिंग्टनची पत्नी मार्था हिचे नातू. १८०७ मध्ये जन्मलेला ली १८२९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून दुसऱ्या क्रमांकाने बाहेर पडला आणि १८३१ मध्ये याच घरात त्याचा विवाह झाला. पुढे मेक्सिकोच्या युद्धात त्याने नाव कमावले, आणि १८५२ ते १८५५ या काळात तो वेस्ट पॉइंटचाच प्रमुख होता, म्हणजे शिक्षणसंस्था चालवण्याचा अनुभव त्याला युद्धापूर्वीच मिळालेला होता. उत्तरेच्या सैन्याचे नेतृत्व देऊ केले असतानाही त्याने २० एप्रिल १८६१ रोजी या घरातूनच राजीनामा पाठवला. त्यानंतर हे कुटुंब येथे पुन्हा राहू शकले नाही. १८६४ पासून या जमिनीत सैनिकांचे दफन सुरू झाले.

मुख्य घरातील दालने पाहून लगेच उतरू नये. मागच्या बाजूस गुलामांच्या राहत्या खोल्या आहेत आणि या साऱ्या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबलो. कस्टिस १८५७ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात गुलामांना जास्तीत जास्त पाच वर्षांत मुक्त करावे, असे लिहिले होते. मृत्युपत्राची अंमलबजावणी लीकडे होती. इस्टेटीवरील देणी फेडण्यासाठी त्याने त्यांना राबवले, काहींना भाड्याने बाहेर पाठवले, आणि मुक्तीचे कागद १८६२ च्या डिसेंबरअखेर, मुदत संपता संपता झाले. दरम्यान १८५९ मध्ये वेस्ली नॉरिस आणि आणखी दोघे पळून गेले व पकडले गेले. लीच्या हुकमावरून आपल्याला फटके मारले आणि जखमांवर मिठाचे पाणी ओतले, अशी नॉरिसची जबानी १८६६ मध्ये छापून आली. लेक्सिंग्टनला जाताना ही जबानी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जून १८६२ पासून ली दक्षिणेच्या ‘उत्तर व्हर्जिनिया सेना’ या फौजेचा प्रमुख होता. त्याच्या लढायांची यादी येथे देत नाही. फ्रेडरिक्सबर्ग आणि चॅन्सलर्सव्हिलचे विजय, अँटिटमची रक्तरंजित बरोबरी आणि जुलै १८६३ मधील गेटिसबर्गचा पराभव एवढे माहीत असले तरी पुढचा प्रवास समजतो. रणभूमी पाहण्याची हौस असणाऱ्यांनी गेटिसबर्गसाठी स्वतंत्र सहल आखावी. या मार्गात ते बसत नाही.

पुढचा टप्पा लीच्या शरणागतीची जागा. अपोमॅटॉक्स कोर्ट हाउस हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे आणि तेथे प्रवेशशुल्क नाही. वाहनातील नकाशावर उद्यानाचे पूर्ण नाव टाकावे, अन्यथा तो काही मैलांवरच्या आजच्या अपोमॅटॉक्स शहरात नेऊन सोडतो. ९ एप्रिल १८६५ रोजी विल्मर मॅकलीनच्या घरी ली उत्तरेचा सेनापती ग्रँट याला शरण गेला. आज दिसणारे घर मूळ नाही. मूळ घर १८९३ मध्ये विटा सुट्या करून उतरवले गेले होते आणि विसाव्या शतकात त्याच जागी पुन्हा उभारले. सैनिकांनी शस्त्रे ठेवून घरी जावे, नांगरणीसाठी आपले घोडे न्यावेत, अशा उदार अटी येथे ठरल्या. त्यांची अंतिम प्रत लिहून काढणारा ग्रँटचा सहायक ईली पार्कर हा सेनेका या आदिवासी जमातीचा होता. मराठी वाचकाला या बैठकीच्या खोलीत मुंबई आठवणे साहजिक आहे. दक्षिणेचा कापूस अडल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपल्याची बातमी पोहोचताच तो कोसळला आणि बॅक बे भरावाच्या समभागांचा सट्टा, प्रेमचंद रायचंदांसह, त्याच वर्षी बुडाला.

तेथून लेक्सिंग्टनला जाण्यास मोटारीने साधारण दीड तास पुरतो. लिंचबर्गनंतरचा ब्लू रिज डोंगररांग ओलांडणारा रस्ता वळणावळणाचा आहे, म्हणून अंधार पडण्यापूर्वी निघावे. लेक्सिंग्टनला प्रवासी रेल्वे जात नाही. जवळचे स्थानक स्टॉन्टन, आणि तेथील कार्डिनल गाडी आठवड्यातून तीनच दिवस धावते. मे महिन्यात पदवीदान असते आणि ऑक्टोबरात पानांचे रंग पाहणाऱ्यांची गर्दी असते. या दोन्ही काळांत खोल्या बऱ्याच आधी राखून ठेवाव्यात. गावात गाडी एकदा उभी केली की बाकी सर्व पायी पाहता येते.

ली आला तेव्हा येथील वॉशिंग्टन कॉलेजमध्ये, म्हणजे आजच्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठात, सुमारे ५० विद्यार्थी आणि ४ प्राध्यापक होते. १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजेने शेजारचे व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट जाळले आणि या महाविद्यालयाचीही लूट केली होती. १,५०० डॉलर वार्षिक पगारावर आलेल्या लीने अभिजात भाषांपुरता मर्यादित अभ्यासक्रम मोकळा केला, ऐच्छिक विषय आणले, अभियांत्रिकीचा विस्तार केला, गावातील कायद्याची शाळा संस्थेला जोडून घेतली आणि पत्रकारितेसाठी शिष्यवृत्त्या सुचवल्या. विद्यार्थी ४०० च्या घरात गेले. ही कामगिरी खरी आहे, आणि प्रशासक म्हणून तो सेनापतीइतकाच कसबी होता, असे माझे मत झाले. मात्र याच काळात, फेब्रुवारी १८६६ मध्ये, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे त्याने कृष्णवर्णीयांना मताधिकार देण्यास विरोध केला आणि ते व्हर्जिनियातून गेले तर राज्याचे भलेच होईल, असे सांगितले. ज्या आवारात तो शिक्षणाचा विस्तार करत होता, तेथे त्यांना प्रवेश नव्हता.

आवारातील चॅपल लीच्याच देखरेखीखाली १८६८ मध्ये पूर्ण झाले. एडवर्ड व्हॅलेंटाइनने घडवलेला संगमरवरी ली तेथे आडवा आहे. अनेकांना ती समाधी वाटते, पण शिल्पात तो युद्धभूमीवरील खाटेवर झोपलेला दाखवला आहे. कुटुंबाचे दफन तळघरात आहे. १८७० च्या सप्टेंबरअखेर पक्षाघाताचा झटका येण्यापूर्वी त्याने सोडलेले कार्यालयही खालच्या मजल्यावर जतन केले आहे. २०२१ मध्ये विश्वस्तांनी विद्यापीठाचे वॉशिंग्टन अँड ली हे नाव २२ विरुद्ध ६ मतांनी कायम ठेवले. चॅपलच्या नावातून मात्र ली वगळला आणि सभागृह पुतळ्याच्या दालनापासून वेगळे करण्याचे ठरवले. त्यामुळे जुनी प्रवासवर्णने वाचून जाऊ नये; समारंभांच्या दिवशी वास्तू बंद असते, तेव्हा वेळा संस्थेच्या संकेतस्थळावर तपासाव्यात. बाहेर लीचा घोडा ट्रॅव्हलर पुरलेला आहे आणि लोक तेथे नाणी ठेवतात.

चॅपल पाहून झाल्यावर समोरच्या स्तंभांच्या रांगेकडे चढून जावे आणि रॉबिन्सन हॉलजवळचा फलक शोधावा. १८२६ मध्ये जॉन रॉबिन्सनने आपली इस्टेट गुलामांसह या महाविद्यालयाला दिली आणि संस्थेने १८३६ मध्ये त्यांपैकी बहुतेकांना विकले, ही नोंद येथे २०१६ पासून आहे. बहुतेक पाहुणे चॅपलवरूनच परततात, म्हणून ही जागा मुद्दाम सांगत आहे. वेळ उरल्यास शेजारच्या लष्करी संस्थेचे संग्रहालय पाहावे; दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याचा घोडा लिटल सॉरेल तेथे मूळ कातडे जतन करून उभा केला आहे. अध्यक्षांचे निवासस्थान खासगी असल्यामुळे बाहेरूनच पाहावे लागते. त्याचा रुंद व्हरांडा लीने चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या पत्नीसाठी करून घेतला होता, आणि तो रस्त्यावरूनही नीट दिसतो.